मथुराबाईचं पिवळं बोट

दवाखान्याच्या गेटावर फ्लेक्स लागला हाय. मथुराबाईचा. पांढरीशुभ्र साडी, केस चापूनचोपून बसवले, आन् खाली मोठ्या अक्षरात लिवलं हाय, 'सेवा की देवी, ममता की मूर्ती'. मी नवऱ्याच्या मांगं गाडीवर बसून बाजारातून येऊन राह्यली होती, तं तेच म्हनले, "अवं, हे तुही मथुराबाई नाई का?" मी म्हनलं थांबवा, उतरली, जवळ जाऊन पाह्यलं. फोटोतली बाई मी कधी पाह्यलीच नाई. मथुराबाईची साडी चहा गाळायच्या फडक्यावानी राहे, पांढरी कुठली! आन् देवी तं ती नव्हतीच. घान बाई होती. एवढी घान बाई मी माह्या जिंदगीत दुसरी पाह्यली नाई.

मागच्या महिन्यात गेली म्हने, झोपेतच.

मी आठवी शिकली, ते बी अर्धी. लिवाची सवय नाई. पन बचत गटातल्या ताई म्हनल्या, जसं बोलते तसंच लिव, थांबू नको. तं लिवून राह्यली. कारन त्या फ्लेक्सवर जे लिवलं ते खोटं हाय.

माह्यी पोरगी खुशी तेव्हा सात वर्षाची होती. एक रोज सकाळी उठली तं म्हने, मम्मी, पाय उचलत नाई. दोन रोजात हात गेले, तिसऱ्या रोजी श्वास. नागपूरले नेलं, मशीनवर ठेवलं, आन् मशीन लवकर निघत नाई म्हनून गळ्यात भोक पाडून नळी बसवली. लय दिवसांनी मशीन निघाली, पन नळी राह्यली. डॉक्टर म्हनले, ताकद हळूहळू येईन, खोकता यायले लागली का नळी काढू, तोवर तुमच्या गावच्या दवाखान्यात ठेवा, थुंकी ओढत राहा. म्हनून आम्ही हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटले परत आलो, बस स्टँडच्या मांगच्या दवाखान्यात. खुशीले सगळं समजे, डोळे टकटक पाहे, पन आवाज नव्हता. हवा भोकातूनच निघून जाये ना. रडली तरी आवाज नाई. लेकरू रडते आन् आवाज येत नाई, हे ज्यानं पाह्यलं त्यालेच मालूम.

तिथं मथुराबाई होती. नाव सफाईवालीचं, पन सगळंच करे. पन्नाशीच्या पुढची, बुटकी, मान आत घुसलेली, आन् तोंडात चोवीस तास खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून मांडीवर घासे, घासे, घासे, आन् तेच बोट तोंडात. उजव्या हाताचं ते पहिलं बोट हळदीवानी पिवळं झालं होतं, नखात चुना. थुंके कुठी? खिडकीतून. खाली पाह्याचं नाई, काही नाई. एक डाव खाली एक मानूस ओरडला, "कौन थूका बे?" तं ही खिडकीतून वाकून म्हनते, "ऊपर वाला!"

पह्यल्या रोजी ती आमच्या पलंगाजवळ आली आन् थुंकी ओढायच्या मशीनची बाटली काढून खिडकीपाशी घेऊन गेली. उजेडात धरली. हलवली. मले वाटलं फेकून धुऊन आनन. नाई. पाहूनच राह्यली, जशी बाई बाजारात साडी पाहते तशी. मंग झाकन उघडून नाक लावलं. माय वं! मी तोंडावर पदर घेतला.

"दही हाय," म्हने.

मी म्हनलं, "का?"

"दह्यावानी. पांढरं घट्ट. चांगलं हाय. पिवळी कढी आली का ते वाईट. हिरवी चटनी झाली का मले सांगजो. आन् पाह्यल्याशिवाय फेकायचं नाई, समजलं? मी पाहीन, मंग फेकायचं."

तिचा असाच हिसाब होता. प्रत्येक पेशंटचं जे निघे त्याले ती खायच्या वस्तूचं नाव दे. बाजूच्या आजोबाची उलटी म्हनजे उडदाची दाळ. कोनाचा पिशवीतला लघवीचा रंग, चहा, बिनदुधाचा. आन् हे सगळं जेवनाच्या टायमाले, आपला डबा मांडीवर घेऊन, दोन घास खात खात सांगे. भात कालवे त्या हातानं. मी दवाखान्यात होती तोवर दही खाल्लं नाई. आता बी खात नाई. घरी कढी केली का मी शेजारी जाऊन बसते.

पेशंटच्या ताटात उरलेलं बी ती खाये. सिस्टर म्हने, "मथुराबाई, इन्फेक्शन हो जाएगा." तं म्हने, "मॅडम, तीस साल से खा रही हूँ, अब इन्फेक्शन को ही मैं हो गई हूँ." सगळे हासत. मी नाई हासली.

माह्या सासूबाई एक रोज राजेगावहून आल्या, डब्यात झुनका-भाकर घेऊन. त्यायनं मथुराबाईले पाह्यलं, तिच्या गळ्यातला निळा दोरा पाह्यला, आन् मले कोपऱ्यात घेऊन विचारलं, "कोनाची वं ती? तिच्या हातचं पानी-गिनी पाजत नाई ना पोरीले?" मी म्हनलं, नाई आत्या, मीच पाजते. खरं तं खुशीले नाकातल्या नळीतून दूध दे ती मथुराबाईच, कारन माह्ये हात थरथरत. मी खोटं बोलली. आन् त्याच्या बाद मथुराबाई जवळ आली का मी थोडी सरकून बसे. माह्यी घिन खर्ऱ्याची होती, का बाटलीची, का सासूबाई जे विचारून गेल्या त्याची, हे मी तेव्हा स्वतःले विचारलं नाई. आता विचारते. उत्तर बरं नाई येत.

मथुराबाईले समजलं होतं. ती का दूधखुळी होती? एक डाव मी अशी सरकली तं म्हने, "सरक, सरक, आनखी सरक. भिंत लागली का सांगजो."

पन खुशी तिच्यावर जीव टाके. कारन असं झालं का लेकराले बोलता येत नव्हतं, हात हालत नव्हता, आम्ही सगळे तिच्यासमोर उभे राहून विचारू, पानी का? दुखते का? कूस बदलू का? आन् ती नुसते डोळे फिरवे आन् रडे. मथुराबाईनं तिले जीभ टाळूले लावून वाजवाले शिकवलं. एक डाव टक म्हनजे हौ. दोन डाव टक टक म्हनजे नाई. त्याले हवा लागत नाई, गळा लागत नाई. एवढे मोठे डॉक्टर, कोनाच्या डोक्यात नाई आलं. दोन रोजात खुशी टकटक करून सिस्टरले परेशान करे.

आनखी एक शिकवलं. नळीतून हवा सोडून पादल्यावानी आवाज काढायचा. मथुराबाई तिच्या नळीवर वली पट्टी अशी धरे आन् म्हने, "सोड!" आन् फर्रर्र. आन् मंग वार्डात ओरडे, "कोन हाय वं ते? आजोबा, तुमी का?" आजोबा म्हनत, "मी नाई बाप्पा!" खुशी बिनआवाजाची हासे, पोट हाले, डोळ्यातून पानी. महिन्याभरात पह्यल्यांदा हासली होती ती. आन् मी का म्हनलं माहीत हाय? मी म्हनलं, "शी! काही बी घान शिकवू नका माह्या पोरीले."

मथुराबाई खिडकीतून थुंकली.

आता ते सांगते जे सांगायले मले लाज वाटते.

दिवसातून लय डाव थुंकी ओढा लागे, सिस्टरले टाइम नव्हता, तं त्यायनं मलेच शिकवलं. बारकी नळी भोकातून आत घालायची, आन् बोटानं दाबून ओढत बाहेर काढायची. एक रोज संध्याकाळी ओढलं तं गुलाबी आलं. मी सिस्टरले दाखवलं. ती माह्यावर खेकसली, "कितनी बार बोला, अंदर तक मत डालो! छिल जाता है. बच्ची की जान लोगी क्या?" सगळ्या वार्डासमोर. मी रातभर तेच ऐकत राह्यली. बच्ची की जान लोगी क्या.

दुसऱ्या रोजी सकाळी ओढलं तं गुलाबी नाई, लाल आलं. एकदम लाल, पातळ, ताजं. बाटलीत चहाचा अर्धा कप असन. भोकाच्या बाजूनं बी गळ्यावर ओघळ आला. खुशी माह्याकडे पाहे. मंग आपोआप थांबलं.

आन् मी, माय असून, मी का केलं? मी भ्याली. मले वाटलं मीच नळी खोल घातली, मीच छिललं. आता सिस्टर ओरडन, डॉक्टर ओरडतीन, सासूबाई ऐकतीन का आईनंच पोरीचा गळा फाडला. मी बाटली घेतली आन् संडासात ओतली. धुतली, तीन पान्यानं. त्यात साफ पानी भरून ठेवलं. वल्या फडक्यानं गळा पुसला, नळीची पट्टी बदलली, आन् वास येऊ नये म्हनून पावडर लावली. पावडर! ते फडकं रगतानं भरलं होतं, ते सिंकच्या खालच्या बकेटीत दाबून टाकलं, वरतून केळाचे साल टाकले.

डॉक्टर सायेब राउंडवर आले. कमी उमरीचे होते, चष्मा होता, मानूस वाईट नव्हता, घाईत राहे. त्यायनं गळ्याकडे पाह्यलं आन् म्हनले, "बहुत साफ रखा है. शाबास." आन् पुढच्या पलंगावर गेले. मले आनंद झाला. हे मी लिवून राह्यली, कारन हेच सगळ्यात घान हाय या गोष्टीत. खर्रा नाई, थुंकी नाई. मले शाबासकी भेटली आन् मले आनंद झाला.

मथुराबाई त्या रोजी उशिरा आली, राशनच्या लाइनीत गेलती. आल्याबरोबर बाटली उचलली, खिडकीत धरली.

"बाटली कोनं धुतली?"

"सिस्टरनं."

"सिस्टर बाटली धुते? आजवर तं नाई धुतली." तिनं झाकन उघडून वास घेतला. मंग खुशीच्या गळ्यापाशी वाकली. पावडर बोटावर घेऊन पाह्यली. संडासात गेली, तिथून आली. मंग सिंकच्या खाली बसली आन् बकेट उकरायले लागली, जशी कोंबडी उकरते. केळाचे साल फेकले, फडकं काढलं.

"हे का हाय?"

आन् मी म्हनली, तोंडातून निघून गेलं, "माह्यं हाय. पाळीचं."

मले वाटलं आता टाकून देईन. कोनती बी बाई टाकून देईन. तिथं आजोबा बसले होते, त्यायनं तोंड फिरवलं. पन मथुराबाईनं ते फडकं उलटलं, पालटलं, आन् नाकाले लावलं. माह्यासमोर. नाकाले.

"पाळीच्या रगताले असा वास नाई राहत," म्हने. "हे ताजं हाय. यात थुंकी हाय. तारा निघून राह्यल्या, पाय. हे गळ्याचं हाय."

मी खाली बसली.

"किती निघालं?"

मी केळाचे साल गोळा कराले लागली.

तिनं माह्या दंडाले असा चिमटा घेतला का निळं झालं. "चाल. चाल माह्यासंगं."

डॉक्टर सायेब खोलीत डबा खाऊन राह्यले होते. सिस्टर बी तिथंच होती. मथुराबाईनं दार ढकललं, आन् ते फडकं, वलं, रगताचं, केळाचं साल चिकटलेलं, त्यायच्या डब्याच्या बाजूले टेबलावर ठेवलं. पोळीच्या बाजूले.

"ये क्या बदतमीज़ी है!" सायेब उठलेच.

"सायेब, पोरीच्या गळ्यातलं हाय. आजचं."

सिस्टर म्हने, "सर, ये गहरा सक्शन करती है, कल भी मैंने डाँटा."

"थोड़ा-बहुत आता है सक्शन से," सायेब म्हनले. "हटाओ इसको यहाँ से."

"थोडं नाई सायेब. बाटलीत होतं, या बाईनं फेकलं. इले विचारा किती." आन् माह्याकडे वळली. "बोल वं. आता नाई बोलली तं मंग जलमभर बोंबलत राहशीन. बोल!"

मी म्हनली, "चाय का आधा कप."

सायेबाचा हात तिथंच थांबला, बोटाले भाजी लागली होती.

मथुराबाई म्हने, "आन् सायेब, नळी उडून राह्यली. नाडीवानी. टुक टुक टुक. तीन रोज झाले. मी या मॅडमले सांगतलं, मॅडम म्हने तुम झाड़ू मारो."

सायेब हात न धुताच धावले. मी मांगं. त्यायनं खुशीजवळ वाकून नळीकडे पाह्यलं, हात न लावता, नुसतं पाह्यलं, आन् मले बी तेव्हा दिसलं. नळी जागच्या जागी हालून राह्यली होती. एक एक ठोक्यासंगं. मी महिनाभर तिथं बसली, मले दिसलं नाई. मी घिनेनं तिकडे पाहेच नाई ना. पट्टी बदलू तेव्हा बी डोळे बारीक करून बदलू.

सायेबानं नागपूरच्या डॉक्टरले फोन लावला. मले अर्धं समजलं. नळीचं टोक आतून घासून घासून मोठ्या नसेले लागलं, पह्यलं थोडं रगत येते ते इशारा असते, मंग येते ते थांबत नाई. हात लावू नका, ताबडतोब पाठवा. सायेब म्हनले, गाडी बुलाओ, पहले गोंदिया. नागपूर लय दूर हाय, गोंदिया तासाभरावर.

गाडी गेटावर लागली आन् खुशीले खोकला आला.

मले ते सांगता येत नाई. नळीतून रगत निघालं ते छतापर्यंत गेलं नसन, पन मले तसंच दिसते. सायेबाचा चष्मा लाल झाला. खुशीचे डोळे मोठे. आवाज नाई, काहीच आवाज नाई, नुसतं रगत. सायेबानं नळीचा आतला फुगा सुईच्या पिचकारीनं फुगवला, आनखी फुगवला, तं कमी झालं. थांबलं नाई. मंग त्यायनं भोकाच्या बाजूनं बोट आत घातलं आन् छातीच्या हाडाकडे दाबलं. थांबलं.

"सलाइन लगाओ!" सिस्टरले म्हने. सिस्टरचे हात असे थरथरून राह्यले होते का शीरच सापडेना. सायेब ओरडले, पन त्यायचा तं एक हात गुंतला. तेव्हा मथुराबाई म्हने, "सायेब, मी धरते. तुमी सुई लावा." आन् तिनं तिचं बोट त्यायच्या बोटाच्या बाजूनं आत सरकवलं. सायेबानं आपलं काढलं. पाव मिनिट रगत उसळलं, मंग तिचं बसलं जागेवर.

ते बोट. पिवळं. नखात चुना. माह्या पोरीच्या गळ्यात.

मी पाह्यलं आन् तिथंच भिंतीपाशी ओकली. पोरगी मरून राह्यली आन् मी तंबाखूच्या बोटावर ओकून राह्यली.

सुई लागली, सायेब हातमोजा घालून आले, म्हनले, "अब मैं पकड़ता हूँ." तिनं जरा हालवलं तं भस्सकन रगत आलं. सायेब म्हनले, नको नको, काढू नको, जसं हाय तसं राहू दे, तूच चाल. अशी मथुराबाई, चप्पल नाई पायात, स्ट्रेचरसंगं वाकडी वाकडी पळत गाडीत चढली. सायेब डोक्याकडे बसून हवेची पिशवी दाबत. मी पायाकडे.

गाडीत ती गुडघ्यावर होती, मान वाकडी, एक हात गळ्यात, दुसरा पलंगाच्या दांड्यावर. रस्त्यात खड्डा आला का शिवी दे. "अय ड्रायव्हर, तुही बायको बसली का इथं? हळू चालव, पन जोरात चालव!" मी रडून राह्यली तं म्हने, "रडू नको. रडून का गाडीत पेट्रोल पडते?" आन् खुशीले म्हने, "खुशे, जीभ वाजव. वाजव पोट्टे. थांबू नको." खुशी वाजवे. टक. मंग लय वेळ नाई. "वाजव म्हनते ना! झोपली तं तुह्या नळीतून पादीन मी." टक. सायेब एक डाव हासले का रडले, मले समजलं नाई.

राजेगावचा पूल आला तेव्हा मथुराबाई माह्याकडे पाहून हुं हुं कराले लागली. मले वाटलं काही झालं. "का झालं? बाई, का झालं?" तिचे गाल फुगले होते. सकाळपासून तोंडात खर्रा होता. दोन्ही हात गुंतलेले, मान हालवता येत नाई, आन् तोंड भरलं होतं, गिळलं का खोकला येईन आन् हात हालन.

मी पदर पुढे केला. दोन्ही हातानं धरला, तिच्या हनुवटीखाली. आन् ती थुंकली त्यात. गरम. मी पदराची गाठ मारली आन् तशीच बसली, हातात घेऊन. वास माह्या नाकात होता. मले घिन आलीच. कोनी म्हनन का तेव्हा तुही घिन गेली असन, तं नाई गेली. पन मी पदर सोडला नाई. "हं," म्हने मथुराबाई, "आता बरं वाटते." आन् खुशीले पुन्हा, "वाजव!"

खुशी वाचली. ते सांगून टाकते. गोंदियात त्यायनं सांभाळलं, रगत चढवलं, आन् नागपूरहून मोठे डॉक्टर बोलावले, छाती उघडून ती नस बांधली. लय दिवस लागले. नळी निघाली, भोक भरलं. आता तिसरीत जाते, आवाज जरा घोगरा हाय, पन बोलते, लय बोलते, शाळेत मॅडम सांगतात का चूप बसवा हिले.

आम्ही बालाघाटले परत आलो त्याले आता दीड वर्ष झालं. माह्या घरापासून तो दवाखाना चालत दहा मिनिटावर. मी एक डाव बी मथुराबाईले भेटाले गेली नाई. नवरा म्हने, चाल ना, साडी नेऊ, मिठाई नेऊ. मी म्हनू, हौ, जाऊ. आन् बाजाराले जायचं तं मी दुसऱ्या गल्लीनं जाऊ. खुशी विचारे, मथुराबाई कुठी हाय? मी म्हनू, गावाले गेली. मले वाटे का तिथं गेली तं ती सगळ्यासमोर विचारन, काहून वं, ते पाळीचं फडकं आठवते का? आन् ती विचारतीच, मले माहीत हाय, मोठ्यानं विचारती. आन् खुशीच्या गळ्यावर ते बोट फिरवून पाहती. पोरगी माह्यी ज्या बोटानं जिवंत हाय ते मले तिच्या अंगावर नको होतं. असं मानूस हाय मी. आन् फ्लेक्स लावनारे हायत, ज्यायनं तिले तीस वर्षं बसाले स्टूल नाई दिला आन् आता देवी म्हनतात. आमच्यात जास्त घान कोन, ते मले सांगता येत नाई.

तिले मी शेवटचं पाह्यलं ते गोंदियालेच. गाडी थांबली, दार उघडलं, तिथले डॉक्टर तयारच होते, एकानं हातमोज्याचं बोट घातलं, एकानं मथुराबाईले म्हनलं, अब छोड़ो, अम्मा, छोड़ दो. तिले बोट काढता येईना, आखडलं होतं. मंग त्या डॉक्टरनं आपल्या दुसऱ्या हातानं धरून ते काढलं. स्ट्रेचर आत पळाली, मी स्ट्रेचरसंगं पळाली. दारात मी मांगं वळून पाह्यलं, का ती येते का. ती नव्हती येत. गाडीच्या मांगं, भिंतीले पाठ लावून, ती उकिडवी बसली होती, साडी वर, आन् तिच्या पायाखालून धार वाहून राह्यली होती, दवाखान्याच्या फरशीवरून, उतारानं, लोकाईच्या चपलापर्यंत. तासभर धरून होती बिचारी. सिक्युरिटीवाला काठी घेऊन तिच्याकडे धावून राह्यला, "ए! ए बाई! यहाँ नहीं!" आन् ती त्याच्याकडे पाहे बी नाई. माह्याकडे पाहून, ते लाल झालेलं बोट हालवून सांगून राह्यली होती, जा, जा, आत जा.